टेक्निकल रायटिंग शिकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना हे काम पेशा म्हणून करायचं आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या अंगावर ते न मागता येऊन पडलं आहे त्यांच्यासाठीही. काही प्रश्नांना एक ओळ पुरते, काहींना पान लागतं. उत्तरं तशीच ठेवली आहेत.

टेक्निकल रायटिंगमध्ये नेमकं काय काय येतं?

यंत्राचं मॅन्युअल, ॲपची मदतपानं, सॉफ्टवेअर बसवण्याच्या सूचना, एपीआयचा (एक सॉफ्टवेअर दुसऱ्याशी बोलतं त्या जोडणीचा) संदर्भ, रिलीज नोट्स (नव्या आवृत्तीत काय बदललं त्याची टिपणं), कारखान्यातली ठरलेली कार्यपद्धती. इतकंच काय, स्क्रीनवर उमटणारा एररचा संदेशसुद्धा. या सगळ्यांतला समान धागा असा की समोरच्याला मुळात वाचायचंच नसतं. त्याला काहीतरी करायचं असतं, ते अडलेलं असतं, म्हणून तो तुमच्या पानावर आलेला असतो. कथेचा वाचक पानावर रेंगाळला तर लेखक सुखावतो. इथला वाचक जितक्या लवकर पान बंद करून कामाला लागेल तितकं तुमचं काम चांगलं झालं.

आधी भाषा सुधारू की तंत्रज्ञान शिकू?

आधी प्रश्न विचारायला शिका. बहुतेकांना वाटतं की हे लिहिण्याचं काम आहे. प्रत्यक्षात लिहिणं हा त्यातला छोटा भाग. माहिती काढणं, ती स्वतः करून पाहणं, गाळणं आणि शेवटी दुसऱ्याच्या हातात देऊन तपासणं यात जास्त वेळ जातो. भाषा शुद्ध आहे पण तिसरी पायरीच चुकीची आहे, असं मॅन्युअल कोणाच्याच कामाचं नाही. भाषा ओबडधोबड पण पायऱ्या बरोबर असतील तर निदान काम तरी होतं.

मी इंजिनिअर नाही. जमेल का?

जमेल. न समजलेलं बेधडक विचारायची तयारी हवी. मान डोलावून घरी येणाऱ्याला मात्र अवघड आहे, मग तो इंजिनिअर असला तरी.

वाचक कोण आहे हे कसं ठरवायचं? 'सर्वांसाठी' लिहिलं तर नाही का चालणार?

'सर्वांसाठी' लिहिलेल्या मॅन्युअलमध्ये नवख्याला अर्धं कळत नाही आणि जाणकाराला हवी ती ओळ सापडत नाही. वय, शिक्षण, व्यवसाय यांची यादी करण्यापेक्षा तीन गोष्टी लिहून काढा: हा माणूस या क्षणी काय करायला निघालाय, त्याला आधीपासून काय येतं, आणि वाचताना तो कुठल्या अवस्थेत आहे. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते. रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर उठवणारा आणि नवा सर्व्हर निवांत मांडणारा, हे एकच व्यक्ती असू शकतात. पण त्यांना लागणारी पानं वेगळी. पहिल्याला प्रस्तावना नको, आज्ञा हव्यात.

लोक मॅन्युअल क्रमाने वाचत नाहीत ही तक्रार जुनी आहे. आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याकडे नीट पाहिलं. कार्यालयात काम करणाऱ्या लोकांना तेव्हा नवे असलेले वर्ड प्रोसेसर आणि त्यांची मॅन्युअलं दिली. लोक पानं उडवत होते, सूचना अर्धवट सोडून थेट यंत्राशी झटत होते, चुकत होते आणि चुकीतून बाहेर पडायची वाट मॅन्युअलमध्ये नसल्याने अडकत होते. लोकांना वळण लावायच्या भानगडीत कॅरोल पडले नाहीत. त्यांनी मॅन्युअलच बदललं. प्रस्तावना काढली, लगेच खरं काम करायला दिलं, चूक झाली तर परत कसं यायचं ते सांगितलं. हे छोटं मॅन्युअल वापरणारे लोक लवकर शिकले. या विचाराला मिनिमलिझम म्हणतात. 'कमी लिहा' एवढाच त्याचा अर्थ लावणारे फसतात, कारण चुका सावरण्याचा भाग त्यात उलट वाढतो.

एकाच डॉक्युमेंटमध्ये सगळं का घालू नये?

कारण शिकणं, काम उरकणं, एखादा तपशील तपासणं आणि 'हे असं का' ते समजून घेणं या चार वेगळ्या गरजा आहेत. डॅनिएले प्रोचिदा यांनी याच चार गरजांवर 'डायटॅक्सिस' नावाची मांडणी उभी केली: ट्युटोरियल, हाऊ-टू गाईड, रेफरन्स आणि एक्स्प्लनेशन. सॉफ्टवेअरच्या जगात ती आज बरीच रुळली आहे.

यातली पहिली दोन ओळखताना गोंधळ होतो. ट्युटोरियल हे नवख्याला बोट धरून चालवतं. वाट आधीच ठरलेली, शेवटी काहीतरी चालू झालेलं दिसणारच याची हमी, पर्याय जवळजवळ नाहीत. हाऊ-टू गाईड ज्याला काम येतं त्याच्यासाठी: 'डेटाबेस एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणे'. तिथे 'डेटाबेस म्हणजे काय' हे सांगत बसलात की वाचक वैतागतो. रेफरन्स कोरडा असावा, आणि त्याची लाज वाटू नये. तिथे रस आणायला जाणं म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकात निसर्गवर्णन घालणं.

चार कप्पे म्हणजे चार वेगळी पुस्तकं हवीत असं नाही. छोट्या उत्पादनाला एक पानही पुरेल, फक्त त्या पानात वाचक एका गरजेतून दुसरीत कुठे जातो ते मथळ्यांवरून कळलं पाहिजे.

मथळे कसे द्यावेत?

वाचकाच्या तोंडचे. 'प्रमाणीकरण व्यवस्थापन' असा मथळा कंपनीच्या डोक्यातून येतो. 'पासवर्ड विसरलात तर' हा वाचकाच्या. साध्या भाषेबद्दलचं आयएसओ २४४९५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२३ साली आलं. त्याची व्याख्या थोडक्यात अशी की वाचकाला हवं ते सापडावं, सापडलेलं समजावं आणि समजलेलं वापरता यावं. सापडणं पहिलं येतं. उत्तम लिहिलेला पण चुकीच्या मथळ्याखाली दडलेला परिच्छेद कोणी वाचत नाही.

पायऱ्या कशा लिहायच्या? सोपं वाटतं, पण लोक तरी चुकतात.

हे सगळ्यात जास्त वेळ द्यावं असं कौशल्य आहे. एक नमुना बघा:

'सेटिंग्जमध्ये जाऊन बॅकअप घेण्यात यावा व त्यानंतर अपडेट सुरू करण्यात यावे. मात्र अपडेट सुरू करण्यापूर्वी चार्जर जोडलेला असल्याची खात्री करून घेण्यात यावी.'

व्याकरणात खोट नाही. पण वाचणारा हात चालवत चालवत वाचतो. 'अपडेट सुरू करण्यात यावे' इथपर्यंत पोहोचला की तो सुरू करतो, आणि चार्जरची ओळ त्यानंतर वाचतो. आता हेच पुन्हा लिहू:

सुरू करण्याआधी चार्जर जोडा.
१. सेटिंग्ज उघडा.
२. 'बॅकअप' निवडा आणि 'आत्ता घ्या' दाबा. 'बॅकअप पूर्ण झाला' असा संदेश येईपर्यंत थांबा.
३. 'अपडेट' निवडा. फोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल.

काय बदललं? जी गोष्ट आधी करायची ती आधी आली. प्रत्येक आकड्याखाली एकच काम राहिलं. 'निवडा आणि दाबा' ही जोडी चालते, कारण ती एकाच जागी, एका दमात होते. जिथे वाचकाला शंका येईल तिथे पुढे काय दिसेल ते सांगितलं. फोन आपोआप बंद होणार हे आधी सांगितलं नाही, तर कोणीतरी घाबरून बटण दाबून धरणारच.

अट असेल तर ती क्रियेच्या आधी: 'निळा दिवा लुकलुकत असेल, तर बटण सोडा.' मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हा क्रम आपल्याला आयताच मिळतो. 'बटण सोडा, जर निळा दिवा लुकलुकत असेल' हे कानाला खटकतं, तरी घाईत केलेल्या भाषांतरांत अशी वाक्यं सर्रास दिसतात. जागाही क्रियेच्या आधी सांगा. 'खालच्या उजव्या कोपऱ्यात "पुढे" दाबा' हे वाचताना नजर आधी कोपऱ्यात जाते, मग बोट. आणि 'लाल बटण' एवढंच लिहू नका. रंग न ओळखू शकणारा वाचक तिथेच अडतो. बटणावरचं नाव लिहा.

पायऱ्यांची संख्या दहाच्या पुढे गेली की बहुधा तुम्ही दोन कामं एकात कोंबलेली असतात. मधे कुठे नैसर्गिक विसावा आहे ते शोधा आणि तिथे तोडा.

'करण्यात यावे', 'सदर', 'त्याअनुषंगाने' हे टाळावंच का?

सूचनांमध्ये टाळाच. 'झडप बंद करण्यात यावी' यात झडप कोण बंद करणार हे कळत नाही: वाचक, दुसरा कामगार की यंत्र स्वतः? 'झडप बंद करा' किंवा 'तीस सेकंदांनी झडप आपोआप बंद होते' यांतलं जे खरं असेल ते लिहा. एवढं केलं तरी निम्मी संदिग्धता जाते.

कर्मणी प्रयोग पूर्ण हद्दपार करायचं कारण नाही. 'फाइल हटवली जाते' हे वाक्य व्यवस्थित आहे, कारण तिथे कोण हटवतं याने वाचकाला फरक पडत नाही.

वाक्य किती लांब असावं?

विमान-देखभालीच्या मॅन्युअलसाठी 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाचं एक बांधीव इंग्रजी आहे. त्याचा नियम असा की सूचनेचं वाक्य २० शब्दांच्या आत आणि वर्णनाचं २५ च्या आत. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे मराठी वाक्याला हे आकडे सैल पडतात. पंधराच्या आसपास थांबावं असं माझं मत. शब्द मोजत बसण्यापेक्षा वाक्य एका श्वासात वाचून पाहा.

एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरला तर कंटाळवाणं नाही का होणार?

होऊ द्या. शाळेत शिकलेलं 'समानार्थी शब्द वापरा' इथे विसरायचं. एका परिच्छेदात 'खाते', दुसऱ्यात 'अकाउंट', तिसऱ्यात 'प्रोफाइल' लिहिलंत, तर वाचक तीन वेगळ्या गोष्टी शोधत बसतो. पहिल्या दिवसापासून एक शब्दयादी ठेवा: कोणती गोष्ट, तिला आपण काय म्हणतो, काय म्हणत नाही. मराठी प्रतिशब्द घ्यावा की इंग्रजीतून रुळलेला, यावर वाद घालण्यात लोक दिवस घालवतात. वाचक रोज जो शब्द बोलतो आणि स्क्रीनवर जो दिसतो तो घ्या, आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

'हे', 'ते', 'त्याला' यांवरही लक्ष असू द्या. 'प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) सर्व्हरला जोडा आणि तो पुन्हा सुरू करा.' कोण तो? सर्व्हरच म्हणायचं असेल तर सर्व्हर असं पुन्हा लिहायला कमीपणा वाटायचं कारण नाही.

'पाहिजे', 'असावं', 'चालेल' यांत काही फरक करायचा का?

करायचाच. इंटरनेटचे तांत्रिक नियम ज्या आरएफसी दस्तऐवजांत लिहिले जातात, त्यांतल्या २११९ क्रमांकाच्या दस्तऐवजाने १९९७ साली 'मस्ट', 'शुड', 'मे' अशा शब्दांचे अर्थ बांधून दिले. कुठली गोष्ट सक्तीची, कुठली शिफारस, कुठली ऐच्छिक हे वाचणाऱ्याला ताडावं लागू नये, हा हेतू. तुमच्या डॉक्युमेंटमध्येही तीन पक्के प्रयोग ठरवा. उदाहरणार्थ सक्तीला 'हवंच', शिफारशीला 'शक्यतो', ऐच्छिकाला 'हवं तर'. बोलण्यातलं 'पाहिजे' यातलं काहीही असू शकतं.

तज्ज्ञ वेळ देत नाहीत, दिला तर बोललेलं कळत नाही. काय करू?

तज्ज्ञाचा दोष नाही. १९९० साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायचा, समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं. समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. तज्ज्ञ बोलतो तेव्हा नेमकं हेच होतं, आणि तुम्हीही एखाद्या उत्पादनावर वर्षभर काम केलंत की टकटक करायला लागता.

त्यामुळे 'हे कसं चालतं ते सांगा' असा मोकळा प्रश्न घेऊन जाऊ नका. आधी उपलब्ध असेल ते वाचा, उत्पादन स्वतः चालवून बघा, आणि नेमकं जिथे अडलात तिथलं विचारा. उपयोगी पडणारे काही प्रश्न: हे कधी चालत नाही? या रकान्यात काहीच भरलं नाही तर? लोक मदतीसाठी फोन करतात तेव्हा पहिलं काय विचारतात? हा आकडा ३० च का, ६० का नाही? शेवटच्या प्रश्नाला पुष्कळदा 'तसं काही कारण नाही, बदलता येतो' असं उत्तर येतं, आणि ते मॅन्युअलमध्ये लिहिण्यासारखं असतं.

दुसरी युक्ती: कोरा कागद घेऊन न जाता कच्चा मसुदा घेऊन जा, चुका असल्या तरी. 'माहिती द्या' म्हटल्यावर पुढच्या आठवड्यावर ढकलणारा माणूस 'हे असं लिहिलंय, बरोबर आहे ना?' म्हटल्यावर लगेच पेन काढतो. चूक दुरुस्त केल्याशिवाय तज्ज्ञाला राहवत नाही. रिव्ह्यूला पाठवतानाही अख्खं डॉक्युमेंट पाठवून 'बघून घ्या' म्हणू नका. कोणत्या परिच्छेदातली कोणती गोष्ट तपासायची ते नावानिशी लिहा, नाहीतर स्वल्पविराम दुरुस्त होऊन येतात आणि चुकीचा पोर्ट क्रमांक तसाच राहतो.

इशारे कुठे आणि कसे द्यावेत?

ज्या पायरीत धोका आहे तिच्या आधी. पानाच्या तळाशी नाही, परिशिष्टात तर नाहीच. अमेरिकेच्या एएनएसआय झेड-५३५ या सुरक्षा-इशाऱ्यांच्या मानकांत चार पातळ्या केल्या आहेत. त्यांतल्या 'डेंजर'चा अर्थ टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, 'वॉर्निंग'चा ती होऊ शकते, 'कॉशन'चा किरकोळ वा मध्यम इजा होऊ शकते, आणि 'नोटीस' म्हणजे इजा नाही पण वस्तूचं किंवा डेटाचं नुकसान. तुमचं क्षेत्र वेगळं असलं तरी ही उतरंड उचलण्यासारखी आहे.

इशाऱ्यात धोका काय, दुर्लक्ष केलं तर काय होईल आणि टाळायचं कसं, हे तिन्ही हवं. 'काळजी घ्या' हा इशारा नव्हे. दर पानावर पाच इशारे असतील तर एकही वाचला जात नाही, म्हणून कायदेशीर बाजू झाकण्यासाठी कोणी इशारे वाढवायला सांगितले तर भांडा.

एररचे संदेश हेही टेक्निकल रायटिंगच का?

हो, आणि बहुतेक वेळा तेवढंच वाचलं जातं. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचं प्रकरण या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावं. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला. काहींचा त्यात जीव गेला. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये आणि काढून टाकलेल्या यांत्रिक सुरक्षा-अडथळ्यांत होता. पण त्यांतल्या दोन घटनांत पडद्यावर उमटलं होतं ते फक्त 'मालफंक्शन ५४'. ऑपरेटरच्या मॅन्युअलमध्ये या क्रमांकाचा अर्थ दिलेला नव्हता. यंत्र दिवसातून अनेकदा असे क्रमांक दाखवून थांबायचं, आणि एक कळ दाबली की पुढे चालू व्हायचं. ऑपरेटर सवयीने कळ दाबत.

चांगल्या संदेशात काय बिघडलं, कशामुळे, आणि आता काय करायचं हे असतं. 'अवैध इनपुट' ऐवजी 'तारीख भविष्यातली आहे. आजची किंवा आधीची तारीख भरा.' संदेश लिहायचं काम तुमच्याकडे नसेल, तर निदान प्रत्येक क्रमांकाचा अर्थ डॉक्युमेंटमध्ये द्या.

आकडे, एककं, तारखा?

प्रत्येक आकड्यासोबत एकक, प्रत्येक वेळी. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स-सेकंदांत आकडे देत होतं, घेणारी बाजू ते न्यूटन-सेकंद समजत होती. फरक जवळपास साडेचार पटींचा. गंमत म्हणजे न्यूटन-सेकंद वापरायचे हे ठरवणारा कागद अस्तित्वात होता. लिहिलेलं पाळलं जातंय का हे कोणी पडताळलं नाही.

तारखांचं असंच. ०४/०३ म्हणजे चार मार्च की तीन एप्रिल? महिना अक्षरांत लिहा, किंवा वर्ष-महिना-दिवस हा आयएसओ ८६०१ चा क्रम घ्या.

स्क्रीनशॉट किती टाकावेत?

वाटतात त्याच्या निम्मे. प्रत्येक रिलीजला ते जुने होतात, आणि जुना स्क्रीनशॉट असण्यापेक्षा नसलेला बरा. जिथे बटण शोधणं खरंच अवघड आहे तिथे टाका, गरजेपुरता भाग कापून. महत्त्वाची माहिती फक्त चित्रात ठेवू नका. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्याला ती मिळत नाही आणि शोधातही येत नाही. चित्रात काय आहे ते सांगणारा पर्यायी मजकूर लिहाच.

उत्पादनातच खोट असेल तर ती लिहायची का?

आधी ती दुरुस्त करायला सांगा. पायरी समजावायला तुम्हाला चार परिच्छेद लागत असतील, तर लेखनापेक्षा रचनेत गडबड आहे हे ज्याने ते बनवलं त्याला सांगणारी पहिली व्यक्ती तुम्हीच असता. दुरुस्त होणार नसेल तर लिहा, सरळ. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि त्यात आज्ञांच्या माहितीखाली 'बग्ज' असा चक्क वेगळा मथळा आहे. माहीत असलेले दोष बनवणाऱ्यांनीच तिथे नोंदवले. मला ही प्रथा फार आवडते. अनेक कंपन्यांच्या विक्री विभागाला ती आवडत नाही.

लिहिलेलं बरोबर आहे हे कसं तपासायचं?

पहिली फेरी तुमची स्वतःची. तुमच्या नेहमीच्या संगणकावर नको, तिथे सगळं आधीच बसवलेलं असतं. नवं खातं, कोरं यंत्र घ्या आणि फक्त लिहिलंय तेवढंच करा. आठवणीतून एकही गोष्ट करायची नाही. इथेच निम्म्या गाळलेल्या पायऱ्या सापडतात.

दुसरी फेरी अनोळखी माणसाची. त्याला काम सांगा, पान द्या, शेजारी बसा आणि गप्प राहा. गप्प राहणं हे सगळ्यात अवघड. तो अडला की 'अहो, ते वर लिहिलंय ना' असं ओठांवर येतं. गिळा आणि नोंद करा. हात कुठे थांबला, कुठली ओळ दोनदा वाचली, कुठे वर-खाली शोधाशोध केली. शेवटी 'कसं वाटलं?' विचारू नका, लोक भिडेपोटी 'छान' म्हणतात. 'आता हे खातं बंद करायचं असेल तर काय कराल?' असं काम विचारा.

किती जणांवर? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० साली पाच जण पुरतात असं मांडलं, त्यावर अजून वाद आहेत. एकावर केली तरी शून्यापेक्षा खूप फरक पडतो.

कोणती टूल्स शिकू?

सुरुवातीला मार्कडाउन (साध्या मजकुरात खुणा घालून मथळे, याद्या मांडायची पद्धत) आणि गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन). मार्कडाउन २००४ साली आलं, एका दुपारी शिकता येतं. गिटला थोडे दिवस लागतील, पण आज सॉफ्टवेअर डॉक्युमेंटेशनचा मोठा भाग कोडसारखाच ठेवला जातो: मजकूर फाइलींत, बदलांची नोंद, रिव्ह्यू, मग स्फिंक्स किंवा डॉक्युसॉरससारख्या साधनाने तयार होणारी साइट. विमानं, वैद्यकीय उपकरणं, मोठी यंत्रसामग्री अशा ठिकाणी एकच मजकूर शंभर मॅन्युअलांत लागतो, तिथे डिटा हे एक्सएमएल या खुणांच्या भाषेवर आधारलेलं मानक दिसतं. ते आयबीएममध्ये जन्मलं आणि २००५ साली ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झालं. नोकरी लागली की शिका. आधीच त्यामागे लागू नका. एपीआयकडे वळायचं असेल तर ओपनएपीआय या ठरावीक साच्यातलं एपीआयचं वर्णन वाचता येणं गरजेचं आहे.

कोर्स करावा का?

गुगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्स मोफत आहेत, मुळात इंजिनिअरांसाठी बनवलेले, छोटे आणि सरावावर भर देणारे. सुरुवातीला तेवढे पुरे. गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या स्टाईल गाईडही (लेखनाच्या नियमांच्या पुस्तिका) खुल्या आहेत. पाठ करू नका, शंका आली की उघडा.

आता एआय लिहून देतं. मग शिकायचं कशाला?

एआय वाक्यं सफाईदार लिहितं. अस्तित्वात नसलेलं बटणही ते तितक्याच सफाईने लिहितं, आणि तुम्ही स्वतः करून पाहिलं नसेल तर ते तुम्हाला कळणार नाही. विस्कळीत टिपा मांडणीत बसवायला, लांबलेलं छाटायला, शब्दयादीशी जुळवून पाहायला ते जरूर वापरा. तज्ज्ञाला न सुचलेली गोष्ट विचारणं, यंत्रासमोर बसून पायरी करून पाहणं आणि वाचकाच्या शेजारी गप्प बसणं मात्र तुमच्याकडेच राहतं. केवळ वाक्यं जुळवण्यापुरतं काम करणाऱ्यांची अडचण झाली आहे, हे खरं आहे.

डॉक्युमेंट जुनं होतं, त्याचं काय करायचं?

प्रत्येक पानाला मालक, आणि कोणत्या आवृत्तीला लागू ते वर ठळक. उत्पादन बदललं की त्याच कामात पानही बदलायचं, 'नंतर बघू' या यादीत नाही. आणि हटवायला शिका. कोणी उघडत नाही आणि आता खरंही नाही असं पान ठेवण्यात कोणाचंच भलं नाही.

अनुभव नाही, मग नमुने कुठून आणू?

ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पांत डॉक्युमेंटेशनची कामं कायम पडून असतात. तुम्ही स्वतः वापरता असा प्रकल्प निवडा, त्याच्या इन्स्टॉलेशनच्या सूचना कोऱ्या यंत्रावर करून पाहा, जिथे मोडतं ते दुरुस्त करून पाठवा. पहिलाच बदल अख्ख्या रचनेचा सुचवू नका. एक गाळलेली पायरी भरा. तेही नको असेल तर घरातल्या एखाद्या उपकरणाचं वाईट मॅन्युअल घ्या आणि त्यातलं एकच काम पुन्हा लिहा.

तीन नमुने पुरतात: एक पायऱ्यांचा, एक रेफरन्सचा, एक समजावून सांगणारा. प्रत्येकासोबत आधीचं रूप ठेवा आणि काय बदललं, का बदललं, कोणावर तपासलं हे चार ओळींत लिहा. मुलाखतीत बहुतेक प्रश्न त्या चार ओळींवरच येतात.